वाचकाला चकवा, पण निवेदकाला खोटं बोलायला लावू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे ज्यांनी तुमची कथा वाचलेली नाही त्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंडमधल्या एका टॉवरचा रात्रपाळीचा वॉचमन, नाव पांडुरंग. सातव्या मजल्यावर चोरी झालीय, कपाटातल्या पाटल्या गेल्यात. अख्खी रात्र आपण पांडुरंगच्या डोक्यात असतो, तो केबिनमध्ये बसून विचार करतोय की कोण असेल, तो डिलिव्हरीचा पोरगा रजिस्टरमध्ये सही न करताच वर गेला होता, सातशे दोनवाल्यांचा भाचा दोन दिवस दिसला नाहीये वगैरे. पहाटे तो जेवणाचा डबा उघडतो आणि डब्यात पाटल्या. ज्यांना वाचायला दिलीत ते चिडले, फसवलंस म्हणाले. आणि तुमचं म्हणणं, अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सनेही आउल क्रीकच्या पुलावरच्या त्या कथेत शेवटच्या वाक्यापर्यंत वाचकाला अंधारात ठेवलंय, मग त्याची कथा १८९० पासून आजपर्यंत शिकवली जाते आणि मला मात्र शिव्या, असं का.

दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, आणि दादरला कथालेखनाचं शिबिर घेते तिथेही हा प्रश्न दरवेळी येतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. तुमची कथा वाईट नाहीये. पाटल्यांचा शेवट चांगलाय. गडबड शेवटात नाहीच, मधल्या तीन पानांत आहे. बिअर्सची कथा ज्यांनी वाचली नाही त्यांनी आधी वाचून या, छोटीच आहे, पुढे मी तिचा शेवट फोडणार आहे आणि तो न फोडता यावर काही बोलता येत नाही.

कथा अशी. अमेरिकेतलं यादवी युद्ध, अलाबामाच्या उत्तरेला एक रेल्वेचा पूल, त्यावर गळ्यात फास घालून उभा केलेला एक माणूस. त्याला फाशी देतायत. फळी सरकते, तो पडतो, दोर तुटतो, तो नदीत पोहत गोळ्या चुकवत जंगलातून घरापर्यंत पोचतो, बायको समोर येते, आणि पुढच्याच वाक्यात कळतं की तो मेलाय, पुलाखाली लटकतोय, पळणं वगैरे काही झालंच नाही. पडण्याच्या त्या क्षणात त्याच्या डोक्यात जे चाललं ते आपण घडलेलं म्हणून वाचत होतो.

आता हे नुसतं 'शेवटी कळलं की स्वप्न होतं' असं असतं तर ती कथा कुणी लक्षात ठेवली नसती. तशा कथा माझ्याकडे दर वर्षी येतात. बिअर्सचं काम कुठे आहे ते बघायला पहिलं पान नीट बघावं लागतं. पहिल्या वाक्यात निवेदक बाहेर उभा आहे. माणसाला नाव नाही, 'एक माणूस' आहे, खाली वीस फुटांवर पाणी आहे आणि पाणी वेगाने वाहतंय. हे निवेदक सांगतोय, त्यात कुणाचं मत नाही. कोण सैनिक कुठे उभा, फळी कशी टाकलीय, सार्जंट बाजूला झाला की ती कशी कलणार, हे पंचनाम्यासारखं लिहिलंय. मग हळूच तो माणूस खाली पाण्याकडे बघतो, एक लाकडाचा तुकडा वाहत चाललाय, आणि वाक्य येतं की किती हळू चाललाय तो, केवढा संथ प्रवाह आहे.

थांबा इथे. एका पानापूर्वी पाणी वेगात होतं, आता तेच पाणी संथ आहे! नदी बदललेली नाही, डोळे बदललेत. निवेदक बाहेरून आत आलाय आणि त्याने 'आता मी आत आलोय' असं सांगितलेलं नाही. पहिल्यांदा वाचताना हे जवळजवळ कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि सगळी कथा याच न दिसणाऱ्या पायरीवर उभी आहे. मरणाच्या दारात उभ्या माणसाला वेळ लांब वाटायला लागलीय, हे त्याने त्या एका ओळीत सांगून टाकलं. पुढची सगळी सुटका म्हणजे तीच लांबलेली वेळ.

याच्यानंतर अजून एक गोष्ट बिअर्स करतो आणि ही मला सगळ्यात भारी वाटते. त्या माणसाला एक आवाज ऐकू येतो, लोहाराने ऐरणीवर घण घालावा तसा, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातंय, त्याला ते सहन होत नाहीये. मग निवेदक सांगतो की तो त्याच्या घड्याळाच्या टिकटिकीचा आवाज होता. म्हणजे काय केलं? पात्राला भास झाला आणि निवेदकाने तो लगेच दुरुस्त केला. वाचकाच्या मनात नकळत एक करार झाला की या माणसाला काही चुकीचं दिसलं किंवा ऐकू आलं तर हा निवेदक आपल्याला सांगेल. दुसऱ्या भागातही तेच. पूर्वी त्याच्या घरी एक सैनिक येऊन पुलाबद्दल माहिती देऊन गेला होता, तो आपल्याच बाजूचा आहे असं याला वाटलं, आणि भागाच्या शेवटच्या वाक्यात निवेदक आपल्याला सांगतो की तो शत्रूचा हेर होता. परत तेच, पात्राला माहीत नाही, आपल्याला माहितीय. दोनदा विश्वास कमावला. आणि तिसऱ्या भागात तो निवेदक गप्प बसतो. खोटं बोलत नाही, फक्त दुरुस्त करायचं थांबवतो. आपण मात्र समजतो की काही चुकत असतं तर त्याने सांगितलं असतं.

आणि सांगितलेलं नाही असंही नाही बरं का. पहिला भाग संपताना तो त्याला मरणार असलेला माणूसच म्हणतो. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच वाक्यात म्हणतो की पडता पडता त्याची शुद्ध गेली आणि तो मेल्यातच जमा होता. लगेच पुढे येतं की कितीतरी काळाने, निदान त्याला तसं वाटलं, गळ्याशी आवळल्याच्या वेदनेने तो जागा झाला. 'त्याला तसं वाटलं' हे तीन शब्द तिथे पडलेले आहेत. मग त्याला पाण्यातून काठावरच्या झाडांच्या पानांच्या शिरा दिसतात, पुलावरून नेम धरणाऱ्या सैनिकाच्या डोळ्याचा रंग दिसतो. कुणाला दिसेल असं? निवेदक म्हणतो त्याची इंद्रियं विलक्षण तीक्ष्ण झाली होती आणि आपण मान डोलावतो. घर तिथून तीस मैलांवर आहे असं आधी आलंय, तरी तो एक दिवस आणि एका रात्रीत पोचतो. रस्त्यात एक घर नाही, शेत नाही, वरचे तारे अनोळखी, पायाखाली जमीन लागत नाही, मान दुखतेय, जीभ सुजलीय. फाशी गेलेल्या माणसाच्या शरीराचं हे वर्णन आहे, आपण ते थकव्याचं म्हणून वाचतो. सुटकेचा प्लॅनही पहिल्या भागातच त्याच्या डोक्यात येऊन गेलेला असतो, हात सोडवायचे, फास काढायचा, पाण्यात बुडी, मग जंगल, मग घर. तिसरा भाग त्याच क्रमाने जातो. आणि अगदी शेवटी, बायको दिसते तेव्हा, तोपर्यंत भूतकाळात चाललेली कथा वर्तमानकाळात येते. मग मानेवर फटका, आणि पुन्हा भूतकाळ, पुन्हा बाहेरचा निवेदक, पूर्ण नाव घेऊन, तो मेला होता म्हणून.

एका ठिकाणी मात्र मला बिअर्सशी भांडावंसं वाटतं. पाण्यात पडल्यावर तो लिहितो की विचारशक्ती परत आली आणि दोर तुटल्याचं त्याला कळलं. 'कळलं' म्हटलं की ती गोष्ट खरी असावी लागते ना? वाटलं म्हणा, समजूत झाली म्हणा, पण कळलं? माझ्या मते हा एकच शब्द कडेला गेलेला आहे. त्याच्या बाजूने एवढं बोलता येतं की त्याआधी विचारशक्तीचा उल्लेख करून त्याने ते वाक्य त्या माणसाच्या डोक्यात ठेवलंय. तरी मी संपादक असते तर त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारली असती. हे मुद्दाम सांगतेय, कारण एवढ्या बारकाईने तपासलं तरी त्या अख्ख्या कथेत हात ठेवायला जागा एकच सापडते. बिअर्स स्वतः त्या युद्धात उत्तरेकडून लढलेला, १८६४ मध्ये डोक्याला गोळी लागलेली, त्यामुळे फळी, सार्जंट, रांगा या गोष्टी तो ज्या थंडपणे लिहितो त्या पाहिलेल्या माणसाच्या आहेत, आणि त्या थंडपणामुळेच आपला विश्वास बसतो.

आता पांडुरंगकडे येऊ. बिअर्सच्या माणसाला स्वतःला माहीत नाहीये की तो मरतोय. त्याची फसगत झालीय आणि आपण त्याच्याबरोबर फसलो. पांडुरंगला माहितीय की पाटल्या डब्यात आहेत. संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने ठेवल्यात. आणि आपण रात्रभर त्याच्या डोक्यात बसलोय, तो भाच्यावर संशय घेतोय, डिलिव्हरीवाल्यावर संशय घेतोय, आणि शेजारी ठेवलेल्या डब्याचा विचार एकदाही त्याच्या मनात येत नाही? माणसाचं डोकं असं चालत नाही. चोरी करून बसलेला माणूस दुसऱ्या कशाचा विचार करूच शकत नाही. म्हणजे विचार त्याने लपवले नाहीत, तुम्ही लपवलेत. वाचक चिडतो तो इथे. फसल्याचा राग येत नाही हो वाचकाला, फसायलाच तर तो गूढकथा हातात घेतो, त्याला राग येतो तो 'तू मला याच्या मनात बसवलंस आणि मन दाखवलंच नाहीस' याचा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: पात्र चुकू शकतं, पात्र दुसऱ्या पात्राशी खोटं बोलू शकतं, निवेदक गप्प बसू शकतो. पण निवेदकाने सांगितलेलं प्रत्येक वाक्य शेवट कळल्यावरही खरं राहिलं पाहिजे. तुमचं 'कोण असेल हा चोर, पांडुरंग विचार करत होता' हे वाक्य शेवटानंतर खोटं ठरतं. तो तसा विचार करतच नव्हता.

मराठीत हे करायला आपल्याकडे जी साधनं आहेत ती खरं तर फार चांगली आहेत आणि लोक ती वापरत नाहीत. इंग्रजीतली पुस्तकं वाचून पीओव्हीचे, म्हणजे दृष्टिकोनाचे, नियम पाठ करतात, फर्स्ट पर्सन, थर्ड पर्सन लिमिटेड, ऑम्निशियंट, आणि आपल्या वाक्यात काय चाललंय तिकडे बघत नाहीत. 'बाई आत गेली' आणि 'बाई आत आली', घटना एकच, पण पहिल्यात आपण बाहेर उभे आहोत, दुसऱ्यात खोलीत. एका क्रियापदाने वाचकाला उचलून दुसरीकडे ठेवता येतं आणि त्याला पत्ता लागत नाही. 'तो घाबरलेला असावा' म्हटलं की आपण त्याला बाहेरून बघतोय, 'तो घाबरला होता' म्हटलं की आत शिरलो, किंवा निवेदक सर्वज्ञ आहे. 'त्याची बायको दारात उभी होती' हे निवेदकाचं वाक्य, 'आपली बायको दारात उभी' हे त्याच्या मनातलं. नावांचं तर विचारूच नका. त्याच बाईला एक परिच्छेद 'विमलताई' म्हणतो, दुसरा 'सासूबाई', तिसरा 'आई', आणि कुणाच्या डोळ्यांनी बघतोय हे वेगळं सांगावं लागत नाही. अहोजाहोचंही तसंच, 'साहेब आले' लिहिणारा आणि 'तो आला' लिहिणारा एक माणूस नसतो.

अजून एक. आपल्याकडे मनातलं वाक्य जसंच्या तसं उतरतं. 'त्याला वाटलं, आता काही आपण वाचत नाही.' पुढच्या वाक्यात 'त्याला वाटलं' गाळलं तरी वाचक त्याच्या मनातच राहतो, आणि त्याच्या पुढच्या वाक्यात तो विसरलेला असतो की हे कुणाच्या तरी मनातलं आहे. चकवा लागतो तो या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर.

एक उदाहरण रचून दाखवते. दोन भाऊ, आईवडिलांचा माहीमचा फ्लॅट, दोघेही वारस. धाकटा विरारहून आलाय, थोरल्याने कागद करायला बोलावलंय.

'दादाने टेबलावरची फाइल उघडली. वरच्या कागदावर हक्कसोडपत्र एवढं मोठ्या अक्षरात दिसलं. वहिनी चहा घेऊन आली तशी दादाने फाइल मिटून कपाटावर टाकली. वाचायला वेळ द्यायचा नव्हता. आई असताना कधी डॉक्टरचं बिल विचारलं नाही याने, आणि आता बरोबर कागद तयार.'

पहिली तीन वाक्यं घडलेली आहेत. फाइल उघडली, अक्षरं दिसली, चहा आला, फाइल कपाटावर गेली. चौथं वाक्य, 'वाचायला वेळ द्यायचा नव्हता', हे धाकट्याचं आहे, पण त्याच्यापुढे 'त्याला वाटलं' नाहीये, म्हणून वाचक तेही घडलेलंच धरतो. शेवटी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नाव पुकारलं जातं तेव्हा कळतं की हक्क सोडणारा दादा आहे, त्याने स्वतःचा हिस्सा धाकट्याच्या नावे सोडलाय. मागे जाऊन वाचा. एकही घडलेलं वाक्य खोटं नाही. चहा सांडू नये म्हणून फाइल उचलली, कुणीही उचलेल. हक्कसोडपत्रच होतं, कुणी कुणासाठी सोडलाय ते धाकट्याने वाचलं नाही आणि आपणही नाही. इथे वाचकाला राग येत नाही, थोडी शरम वाटते, कारण धाकट्याबरोबर त्यानेही दादाला नालायक ठरवलेलं असतं. दृष्टिकोनाने फसवण्याचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. कोण मेलं, कोण चोर, ही माहिती लपवणं सोपं आहे, पण वाचकाकडून एका माणसाबद्दल मत बनवून घेणं आणि मग त्याला ते मत घेऊन एकटं सोडणं, ते अवघड आणि तेच करण्यासारखं.

'वहिनी चहा घेऊन आली' यात 'आली' आहे आणि 'वहिनी' आहे, म्हणजे आपण आधीच धाकट्याच्या शेजारी बसलोय, हे बघितलंत ना.

प्रथमपुरुषी 'मी' वापरला की फसवणं जास्त सोपं होतं असं शिबिरात पुष्कळांना वाटतं. तसं नाहीये. 'मी' सांगतोय म्हणजे तो कुणाला तरी, कधीतरी, काहीतरी हेतूने सांगतोय, आणि त्याने गाळलं तर ते त्याचं गाळणं ठरतं, लेखकाचं नाही, एवढी एक सोय आहे. अगाथा ख्रिस्तीच्या रॉजर अॅक्रॉइडच्या कादंबरीवर १९२६ मध्ये यावरूनच केवढा वाद झाला, कारण तिथे सांगणारा 'मी'च खुनी निघतो, आणि तिच्या बाजूचा मुद्दा हाच की सांगणाऱ्याने खोटं एक वाक्य लिहिलं नाही, फक्त मधली थोडी मिनिटं वगळली. पण ती कादंबरी आहे, एवढ्या पानांत विश्वास बसवायला जागा मिळते. बारा पानांच्या कथेत 'मी' लपवतोय याचा वास लवकर येतो. शिवाय मराठीत 'मी' चं लिंग लपत नाही. 'मी गेलो', 'मी गेले', पहिल्या वाक्यात उघडं. ते झाकायचं असेल तर 'मी दार उघडलं', 'मला दिसलं', 'मी थांबेन' अशीच वाक्यं शोधत बसावं लागतं, आणि मग भाषा अवघडल्यासारखी होते, चाणाक्ष वाचक दुसऱ्या पानावर ओळखतो की इथे काहीतरी टाळलं जातंय.

आणि प्रत्येक वेळी दृष्टिकोन बदलला म्हणजे फसवलं असंही नसतं. जपानी लेखक अकुतागावाच्या १९२२ च्या त्या बांबूच्या बनातल्या कथेत एकाच खुनाबद्दल एकामागून एक जबान्या येतात, प्रत्येक जबानीवर ती कुणाची ते लिहिलंय, कुणाचं तोंड हलतंय ते स्पष्ट आहे. तिथे आपण फसत नाही, तुलना करत राहतो आणि हाती काही लागत नाही. ती वेगळी कला आहे. तुम्हाला ती करायची नाहीये, त्यामुळे पुढे जाते.

बदल कुठे करायचा, यावर मी एवढंच सांगेन की आत शिरताना दबक्या पावलांनी शिरा आणि बाहेर पडताना दार वाजवून बाहेर पडा. उलटं केलं की कथा कोसळते. पुष्कळ हस्तलिखितांत नवा परिच्छेद, तीन फुल्या, आणि थेट दुसऱ्या माणसाच्या मनात. वाचक तिथेच सावध होतो की आता काहीतरी होणार. आणि शेवटी मात्र लेखक घाबरतो, बाहेर न पडता त्याच मनात राहून रहस्य फोडतो, 'आणि मग त्याला आठवलं की आपणच...' हे 'आठवलं' तर कृपया नकोच. स्वतः केलेली चोरी कुणाला पहाटे आठवत नाही.

तपासायची रीत सांगते. प्रिंट काढा, मोबाइलवर हे होत नाही. दोन रंगांची पेन्सिल घ्या. जे वाक्य कॅमेऱ्याने टिपता येईल ते निळं, जे कुणाच्या तरी मनातलं आहे ते लाल. प्रत्येक लाल वाक्यासमोर समासात लिहा, कुणाचं. लिहिता आलं नाही तर ते वाक्य तुमचं आहे, लेखकाचं, आणि ते काढा. मग शेवट माहीत असलेल्या माणसासारखं पुन्हा वाचा. निळं एकही खोटं निघता कामा नये. लाल खोटं निघालं तर चालेल, पण मग त्या पात्राला ते त्या क्षणी खरंच वाटत होतं का, हे विचारा. तुमच्या कथेत मी हे केलं, मधल्या तीन पानांत जवळजवळ सगळं लाल आहे आणि त्यातलं बरंच पांडुरंगला वाटतच नव्हतं.

मग काय करता येईल. एक रस्ता म्हणजे पांडुरंगच्या मनात राहायचं, पण दोन्ही अर्थांनी खरी असतील तेवढीच वाक्यं ठेवायची. 'पोलीस सकाळी आले की पहिलं आपल्यालाच विचारणार.' हे निर्दोष वॉचमनचंही वाक्य आहे आणि चोराचंही. 'रजिस्टरमध्ये त्या पोऱ्याची सही नाहीये, बरं झालं.' यातलं 'बरं झालं' पहिल्या वाचनात असं वाटतं की चला, पोलिसांना दाखवायला काहीतरी आहे. दुसऱ्या वाचनात अंगावर येतं. 'भूक नव्हती. डबा तसाच होता.' हे तर तुमच्याकडे आहेच, पान दोनवर, आणि सगळ्या कथेतलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे. घरी भाड्याचं थकलंय, मुलीची कॉलेजची फी आहे, हे त्याच्या मनात खरंच असणार, ते येऊ द्या, वाचक कणव म्हणून वाचेल. मात्र 'कोण असेल' हा प्रश्न त्याच्या मनात एकदाही येता कामा नये. तो प्रश्न वाचकाला विचारू दे, किंवा सेक्रेटरीला विचारू दे, मोठ्याने, केबिनच्या खिडकीत येऊन, आणि पांडुरंग तोंडाने उत्तर देईल, भाच्याचं नाव घेईल. बोलताना तो खोटं बोलू शकतो, ते अवतरणचिन्हात आहे, त्याची जबाबदारी त्याच्यावर.

दुसरा रस्ता मला जास्त आवडेल. सुरुवातीचं दीड पान बाहेरून लिहा. गेट, बूम बॅरियर, बंद पडलेला सीसीटीव्ही, पाण्याचा टँकर येऊन गेल्याची ओल, रात्री साडेबाराला शेवटची गाडी आत आली. नुसतं निळं. मग सेक्रेटरी जोशीकाका खाली येतात, त्यांना झोप नाहीये, चोरीमुळे कमिटीत बोलणी खाल्लीत, ते केबिनमध्ये पांडुरंगजवळ बसतात आणि आपण हळूच त्यांच्या डोळ्यांत शिरतो. 'पांडुरंग बिचारा जेवलाही नाही.' हे जोशीकाकांचं वाक्य आहे, त्यांना खरंच तसं वाटतंय, भला माणूस आहे तो. संशय आता ते घेतील, भाच्यावर, पोरावर, आणि त्या संशयात कणभरही खोटेपणा नाही. पांडुरंग मान डोलवेल, 'हो साहेब' म्हणेल, बस्स. तुमची मधली तीन पानं जवळजवळ जशीच्या तशी वापरता येतील, फक्त ती ज्याच्या डोक्यातली आहेत तो माणूस बदलेल. वाचक जोशीकाकांच्या चांगुलपणामुळे फसेल, ते मला फार हवंसं वाटतं, कारण सोसायटीत वर्षानुवर्षं बघितलेल्या वॉचमनकडे आपण असंच बघतो, एकतर बिचारा म्हणून किंवा चोर म्हणून, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते दोन्ही वेळा आपल्याला माहीत नसतं.

पहाटे जोशीकाका लिफ्टने वर जातील. इथे 'गेले' लिहा, 'आले' नको, म्हणजे आपण खालीच राहतो, केबिनपाशी, पुन्हा बाहेरच्या निवेदकाबरोबर. पांडुरंगने डबा उघडला, वरच्या ताटलीत पोळ्या होत्या, त्या त्याने बाजूला ठेवल्या, खाली पाटल्या होत्या. चार निळी वाक्यं. त्याच्या मनात जाऊ नका, चेहरा सांगू नका, पश्चात्ताप नको, आणि पोळ्यांनंतर 'अचानक' हा शब्द तुमच्या आत्ताच्या मसुद्यात आहे तो काढा, त्याला काही अचानक नव्हतं. हा बदल करून पुन्हा लिहा आणि पाठवा, मी वाचेन. दिवाळी अंकांची जुळणी लवकर सुरू होते, त्यामुळे जुलैच्या आत झालं तर बरं.